सव्वापट वजन कशासाठी?

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या अकरावीच्या मुलांबरोबर मी एक यंत्रदुरुस्तीचा कारखाना पाहायला गेलो होतो. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना उंचावर रूळ आणि त्या रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारी क्रेन. क्रेनच्या आडव्या तुळईवर ठळक अक्षरात '१० टन' असे रंगवलेले. योगायोगाने त्या दिवशी क्रेनची भारचाचणी चालू होती. खाली पोलादी पाट्यांची चळत बांधून ठेवली होती आणि तिचे वजन होते साडेबारा टन.

एका मुलीने विचारले, "सर, वर दहा लिहिलंय, मग साडेबारा का उचलताहेत? आणि साडेबारा उचलतंच आहे, तर मग साडेबारा का नाही लिहीत?"

पर्यवेक्षकांनी उत्तर दिले, "तसा नियम आहे." उत्तर खरे होते, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही. त्या मुलीचे तर मुळीच नाही. तिचे वडील अशाच एका क्रेनखाली हुकाला वजन बांधण्याचे काम करतात, हे मला परतीच्या वाटेवर तिच्या शिक्षकांकडून कळले. हा लेख म्हणजे तिच्या दोन प्रश्नांचे उत्तर आहे. अकरावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचे त्यात फारसे काही नाही.

क्रेनला मराठी परिभाषेत यारी म्हणतात, पण कारखान्यात हा शब्द कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही, म्हणून आपणही क्रेनच म्हणू. चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की जंगल डोळ्यांपुढे येते, ताडोबा आठवतो. पण याच भागात ऊर्जानगरचे औष्णिक वीज केंद्र आहे, बल्लारपूरची कागद गिरणी आहे, घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर इथले सिमेंट कारखाने आहेत, चंद्रपूरचा लोहमिश्रधातूंचा कारखाना आहे, कोळशाच्या खाणी आहेत. अलीकडे सुरजागडच्या लोहखनिजामुळे गडचिरोलीतल्या कोनसरीलाही पोलाद उद्योग आला. या प्रत्येक ठिकाणी डोक्यावरून जड वस्तू इकडून तिकडे नेणाऱ्या क्रेन आहेत. वीज केंद्राच्या टर्बाइनगृहातली क्रेन एरवी महिनोन्महिने गप्प बसलेली दिसेल, पण दुरुस्तीच्या वेळी टर्बाइनचा फिरता भाग तिच्याच भरवशावर उचलला जातो.

अशा क्रेनचे तीन भाग लक्षात घेतले म्हणजे पुरे. रुळांवरून फिरणारी तुळई किंवा गर्डर, त्या गर्डरवरून आडवी सरकणारी ट्रॉली आणि ट्रॉलीवरचे उचलण्याचे यंत्र, म्हणजे होइस्ट. होइस्टमध्ये मोटर, दातेचाके, ब्रेक, तारदोर गुंडाळणारे पिंप आणि शेवटी हुक. विहिरीचा रहाट ज्याने पाहिला आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच, की रहाट सुटला तर बादली पाण्यात पडते.

आता गर्डरकडे पाहू. एक मीटर लांबीची लाकडी मोजपट्टी घ्या. तिची दोन टोके दोन बाकांवर अशी टेकवा, की मधले अंतर ८० सेंटिमीटर राहील. मध्यभागी दोऱ्याने २०० ग्रॅमचे वजन टांगा आणि पट्टी किती वाकली ते मोजा. वजन दुप्पट केले की वाकही दुप्पट होतो. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. आता बाक जवळ आणून अंतर ४० सेंटिमीटर करा. वाक निम्मा होईल असे बहुतेक मुले सांगतात. प्रत्यक्षात तो एक-अष्टमांश होतो, कारण वाक हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. मुलांनी आधी अंदाज लिहून ठेवावा आणि मग मोजावे. हा प्रयोग सांगून करण्यात मजा नाही.

क्रेनच्या गर्डरचेही असेच. वजन बरोबर मध्यभागी असते तेव्हा गर्डर सर्वाधिक वाकतो. निरनिराळ्या मानकांत या वाकाची मर्यादा दोन रुळांमधल्या अंतराच्या साधारण १/७५० ते १/१००० इतकी दिलेली असते. अंतर १८ मीटर असेल तर ती २४ ते १८ मिलिमीटर होते. म्हणजे दहा टन वजन टांगूनही अठरा मीटरची तुळई बोटाच्या जाडीपेक्षा फारशी जास्त वाकता कामा नये. मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. गर्डरच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा, त्याच्या शेजारी जमिनीवर मोजपट्टी उभी करायची आणि भार टांगण्यापूर्वी, टांगल्यावर व उतरवल्यावर अशी तीन वाचने घ्यायची. यातले तिसरे वाचन सर्वांत महत्त्वाचे. भार काढल्यावर ओळंबा पूर्वीच्या जागी आला, तर पोलाद स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत आहे. परत आला नाही, तर कुठेतरी काहीतरी कायमचे ताणले गेले आहे किंवा सरकले आहे.

आता सव्वापट का, हे कळायला थोडे आकडे हवेत. गर्डरसाठी वापरतात त्या साध्या संरचना पोलादाचे एक प्रचलित प्रतीचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन प्रतिबलापर्यंत स्थितिस्थापक राहते. त्यापुढे ते कायमचे ताणले जाते. आरेखन करणारा अभियंता त्या मर्यादेपर्यंत जातच नाही. तो साधारण दोन-तृतीयांशावर, म्हणजे १६५ च्या आसपास थांबतो. लिहिलेल्या भाराला, म्हणजे सुरक्षित कार्यभाराला, प्रतिबल १६५ असेल तर सव्वापट भाराला ते सुमारे २०६ होईल. खरे तर त्याहून थोडे कमीच, कारण गर्डरचे स्वतःचे वजन काही सव्वापट होत नाही. २०६ हा आकडा १६५ च्या पुष्कळ वर आहे आणि २५० च्या बराच खाली. चाचणीचा भार नेमका या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात हवा. आरेखनात किंवा जोडणीत काही चूक असेल तर ती उघडी पडावी आणि चूक नसेल तर निर्दोष क्रेनला इजा होऊ नये. दीडपट भार घेतला तर आपण थेट काठावर जाऊन उभे राहतो आणि चाचणीच क्रेनची हानी करू शकते.

मग साडेबारा का लिहीत नाहीत? कारण दोघांमधली फट आधीच खर्चासाठी राखून ठेवलेली आहे. तो खर्च कसला, हे ताणकाट्याने दाखवता येते. ५०० ग्रॅम क्षमतेचा ताणकाटा भिंतीवरच्या खिळ्याला टांगा. त्याच्या हुकाला २०० ग्रॅमचे वजन अडकवा, पण ते हाताने असे उचलून धरा, की काटा शून्यावर राहील. आता हात एकदम काढून घ्या. काटा २०० वर थांबत नाही. तो ४०० च्या जवळ जाऊन परत येतो आणि हेलकावे खात २०० वर स्थिरावतो. ऊर्जेचा हिशेब मांडला तर कारण दिसते. वजन x अंतर खाली आले तर त्याने गमावलेली ऊर्जा mgx आणि स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा अर्धा kx². दोन्ही समान मांडल्या की x येतो २mg/k, म्हणजे स्थिर ताणाच्या दुप्पट. एकदम आलेले वजन दुप्पट वजनासारखे वागते. दोरात ढिलाई असताना मोटरने झटका दिला तर दुपटीहूनही अधिक.

चांगला चालक ढिला दोर आधी हळूच ताणून घेतो आणि मगच वजन उचलतो. तेव्हा वाढ नगण्य असते. वेग मिनिटाला १० मीटर आणि तो अर्ध्या सेकंदात गाठला असे धरले तर त्वरण येते सेकंदाला-सेकंदाला सुमारे ०.३३ मीटर आणि भार वाढतो जेमतेम साडेतीन टक्के. पण सगळे चालक सगळ्या दिवशी चांगले नसतात. उचलायच्या वस्तूचे वजनही नेहमी माहीत नसते. बल्लारपूरच्या सरकारी लाकूड आगारात गेलात तर हे लगेच पटेल. सारख्या मापाचे दोन सागाचे ओंडके, एक वाळलेला आणि एक ओला, वजनाने किती वेगळे असतात ते डोळ्यांनी कळत नाही. गडचिरोलीत अहेरी तालुक्यात कमलापूरला वनविभागाचे हत्ती आहेत. पूर्वी या जंगलात ओंडके ओढण्या-उचलण्याचे काम हत्तींकडे असे. न पेलणारा ओंडका हत्ती बाजूला सारतो, त्याला नकार देता येतो. क्रेनला तो मुद्दाम शिकवावा लागतो. ठरावीक भारापलीकडे मोटर बंद करणारे साधन हल्ली बसवतात, पण जुन्या क्रेनवर ते असतेच असे नाही.

सव्वापट हे प्रमाण मात्र सगळीकडे सरसकट नसते. गोदीकामासाठीचे १९९० चे विनियम आणि बांधकामासाठीचे १९९८ चे केंद्रीय नियम यांत एक छान तक्ता आहे. सुरक्षित कार्यभार २० टनांपर्यंत असेल तर चाचणीत २५ टक्के जास्त घ्यायचे, २० ते ५० टनांमध्ये सरळ ५ टन जास्त आणि ५० टनांच्या पुढे १० टक्के जास्त. म्हणजे १६ टनांना २०, ४० टनांना ४५ आणि १०० टनांना ११०. गणिताच्या शिक्षकांनी याचा आलेख मुलांकडून जरूर काढून घ्यावा. २० वर दोन्ही नियम २५ देतात आणि ५० वर ५५, त्यामुळे तीन तुकड्यांची ही रेषा कुठेही तुटत नाही. मोठ्या क्रेनला सवलत का, यामागे तर्क आहे. लहान क्रेनवर ओझ्याचा अंदाज दोन टनांनी चुकणे सहज घडते, तर शंभर टनांचे वजन कोणी अंदाजाने उचलत नाही. त्याची तयारी आठवडाभर चालते.

त्या दिवशी शेडमध्ये साडेबारा टन जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलून ठेवले होते. स्थिर चाचणीत एवढेच उचलायचे आणि निदान दहा मिनिटे तसेच ठेवायचे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे. तोल गेलाच तर पडायला अंतर वीतभरच. त्यानंतरची चल चाचणी १.१ पट भाराने होते. तीत वजन वर-खाली करायचे, मध्येच थांबवायचे, ट्रॉली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. ट्रॉली टोकाला असते तेव्हा गर्डर फारसा वाकत नाही, पण त्या बाजूच्या चाकांवर आणि रुळांवर जवळजवळ सगळा भार येतो. नुसत्या मध्यभागी घेतलेल्या चाचणीत चाके आणि रूळ यांची अर्धीच परीक्षा होते.

मी ओळंब्याकडे टक लावून पाहत होतो, तेव्हा वजन बांधणारे एक वयस्कर कामगार शेजारी येऊन म्हणाले, "वजन तं उचलते जी, पन थांबवून धरते का, थे पाहा." मला वाटते, चाचणीचे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले. मोटर वजन उचलते, पण ते धरून ठेवतो ब्रेक. या ब्रेकची रचना मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. ब्रेक विजेने लागत नाही, तो विजेने सुटतो. स्प्रिंग त्याला कायम आवळून धरते आणि मोटर चालू झाली की विद्युतचुंबक स्प्रिंगविरुद्ध जोर लावून त्याला सोडवतो. वीज गेली की चुंबक सुटतो आणि ब्रेक आपोआप लागतो. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या प्रदेशात याचे महत्त्व सांगायला नको. चाचणीत वजन धरले असताना ते मिलिमीटर-मिलिमीटरने खाली सरकते का, हे पाहायचे असते. सरकत असेल तर गर्डर कितीही भक्कम असून उपयोग नाही.

इथल्या उन्हाळ्याबद्दलही बोलले पाहिजे. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही बातमी राहिलेली नाही. मोटरी सामान्यतः भोवतालचे तापमान ४० अंश धरून बनवतात. क्रेन तर पत्र्याच्या छपराखाली, शेडमधल्या सर्वांत तापलेल्या हवेत काम करते. शिवाय पोलाद प्रसरण पावते. मीटरमागे अंशाला सुमारे १२ मायक्रोमीटर हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण १०० मीटरच्या रुळांसाठी, हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून तापलेल्या लोखंडाच्या ६० अंशांपर्यंत हिशेब केला, तर ६ सेंटिमीटर होतात. १८ मीटरच्या गर्डरला जवळजवळ ११ मिलिमीटर. चाकाची कड आणि रूळ यांच्यामध्ये तेवढी जागा ठेवलेली नसेल, तर डिसेंबरात उत्तम चालणारी क्रेन मे महिन्यात रुळांना घासू लागते. म्हणून चाचणीच्या नोंदीत त्या दिवशीचे तापमान लिहिलेले असावे, असे माझे मत आहे. मी पाहिलेल्या नोंदींमध्ये ते क्वचितच सापडले.

इथपर्यंत चाचणीचे गुण सांगितले. पण ती काय सांगत नाही, हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण धोका तिथेच आहे. तारदोर हा लिहिलेल्या भाराच्या पाचपट किंवा त्याहून अधिक भाराला तुटेल असाच निवडलेला असतो. समजा, त्यातल्या एक-तृतीयांश तारा तुटल्या. ढोबळमानाने त्याची ताकद पाचपटीवरून सव्वातीनपटीच्या आसपास येईल. सव्वापट भाराच्या चाचणीत तो आरामात उत्तीर्ण होईल! गर्डर आणि ब्रेक यांच्या बाबतीत जी चाचणी धारदार आहे, तीच दोराच्या बाबतीत बोथट ठरते. दोर डोळ्यांनी आणि बोटांनीच तपासावा लागतो. नियम असा, की व्यासाच्या आठपट लांबीत एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या तर दोर बाद. प्रत्येकी १९ तारांचे सहा पेड असलेल्या दोरात ११४ तारा असतात. त्यातल्या १२ तुटलेल्या दिसल्या की त्याची सुटी.

तुटायचे कारण बहुधा जास्त भार हे नसतेच. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडी साखळ्यांवर पुनःपुन्हा भार देऊन पाहिला. नेहमीच्याच भाराला, पण हजारो वेळा दिल्यानंतर, साखळी तुटते असे त्याला आढळले. हा धातूचा शिणवटा. साखळीची एक कडी तुटली की सगळे खाली, म्हणून त्याने १८३४ मध्ये अनेक तारांचा पीळ दिलेला दोर वापरात आणला. त्यात एक तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात आणि तुटलेले टोक बाहेर येऊन इशारा देते. वर्गात कागदाची टाचणपिन वाकवून आणि सरळ करून ती कितव्या वेळी तुटते ते मोजा. एकदा वाकवून ती मजबूत आहे असे कोणी म्हणाले, तर ते विधान किती उपयोगाचे? हुकातली आणि सांध्यांतली केसाएवढी भेग अशीच हळूहळू वाढते. तिच्यासाठी रंगद्रव, चुंबकीय चूर्ण किंवा श्राव्यातीत ध्वनी वापरून वेगळी तपासणी करतात.

क्रेन ठणठणीत असूनही अपघात होतात, आणि त्याचे एक साधे कारण भूमितीचे आहे. दोन ताणकाटे एकाच पिशवीला दोन दोऱ्यांनी बांधा आणि हळूहळू एकमेकांपासून दूर न्या. दोऱ्यांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक काटा पिशवीचे पूर्ण वजन दाखवू लागतो. ओझ्याला दोन बाजूंनी बांधलेल्या तारदोरांचेही असेच होते. कोन आणखी वाढवला तर ताण ओझ्याहूनही जास्त.

भारचाचणी स्वतःसुद्धा धोक्याची असू शकते. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये नवी क्रेन चाचणीच्या वेळीच कोसळली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. चाचणी म्हणजे क्रेनवर आपण संशय घेतला आहे, तेव्हा त्या वेळी तिच्या खाली, वर किंवा आवाक्यात अनावश्यक एकही माणूस असता कामा नये. आमच्या भेटीत मुलांना दाराबाहेर, पिवळ्या रेषेच्या पलीकडे उभे केले होते. ते योग्यच होते, जरी त्यामुळे मागच्या मुलांना काही दिसले नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रांवर सुरक्षित कार्यभार लिहिणे, चाचणीचा अपवाद वगळता त्याहून जास्त न उचलणे आणि सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा कसून तपासणी करून घेणे बंधनकारक केले. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. वार्षिक तपासणी म्हणजे दरवर्षी सव्वापट भार उचलणे नव्हे. तो भार पहिल्यांदा वापरण्यापूर्वी आणि मोठ्या दुरुस्तीनंतर. गोदीत शिवाय पाच वर्षांतून एकदा. दरवर्षीची तपासणी मुख्यतः डोळ्यांची आणि मोजमापांची असते.

आणि ती कागदावर करणे फार सोपे असते. एका ठिकाणी, जागेचे नाव सांगत नाही, मला एका क्रेनच्या पाच वर्षांच्या नोंदी पाहायला मिळाल्या. पाचही वर्षी सव्वापट भाराला आलेला वाक अगदी सारखा होता, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. आवारात तेवढ्या वजनाचे चाचणीचे ठोकळे कुठे ठेवता असे मी विचारले, तेव्हा चहा आला. ठोकळे नसणे ही खरी अडचण आहे, पण तिला उपाय आहे. हल्ली पाण्याच्या मोठ्या पिशव्या मिळतात. रिकामी पिशवी हुकाला टांगायची आणि मीटर लावून पाणी सोडायचे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. भार हळूहळू वाढतो, काही विपरीत दिसले तर तिथेच थांबता येते आणि काम झाल्यावर पाणी सोडून देता येते.

आमच्या क्रेनचे काय झाले ते सांगायचे राहिले. भार उतरवल्यावर ओळंबा मूळ जागी आला नाही. दोन मिलिमीटर खाली राहिला. पर्यवेक्षक म्हणाले, "एवढं चालतं." तपासणी करणाऱ्या अभियंत्यांनी मात्र सही केली नाही. नव्याने जोडलेल्या गर्डरचे बोल्ट पहिल्या भाराला थोडे बसतात, म्हणून त्यांनी नवे शून्य खुणावले आणि सगळी चाचणी पुन्हा करायला लावली. या वेळी ओळंबा बरोबर खुणेवर परत आला. तिसऱ्यांदाही आला. त्या मुलीने तिन्ही वाचने वहीत लिहून घेतली आणि खाली तारीख घातली.